भाजलेल्या हाताची पट्टी: क्रीम, जाळी, फोम, सिलिकॉन आणि तो मोजा (इंदूर)

दिवाळीच्या आधी आईच्या उजव्या हातावर तळणीचं तेल सांडलं, तेव्हापासून आमच्या घरात जेवढ्या म्हणून ट्यूबा, जाळ्या, पट्ट्या, जेल आणि हातात घालायचे घट्ट मोजे आले त्या सगळ्यांचा हा रिव्ह्यू आहे, आणि जिथे पट्टी बदलायला जायचो त्या क्लिनिकचा पण. क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये, कारण कौतुक भरपूर आहे पण तक्रारी पण आहेत, आणि खरं सांगायचं तर नावापेक्षा तिथे गेल्यावर काय विचारायचं ते कळलं तर जास्त उपयोग आहे. डॉक्टर मी नाही, शाळेत गणित शिकवते. तेव्हा औषध-गोळी ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

निकाल आधीच सांगते म्हणजे घाईत असलेल्यांना पूर्ण वाचायला नको. भाजल्यावरच्या कुठल्याही पट्टीला मी आता एकाच गोष्टीवर मार्क देते, ती निघते कशी. लावताना सगळ्याच छान असतात, थंड वाटतं, पांढरंशुभ्र दिसतं, फोटो काढून नातेवाईकांना पाठवता येतो. उद्या परवा ती काढायची वेळ येते तेव्हा समजतं की कातडी बरोबर घेऊन येतेय का नुसती पट्टी येतेय. या हिशोबात मेडिकलवर हटकून मिळणारी पांढरी सिल्व्हरची क्रीम आमच्याकडे सगळ्यात खाली, फोमवालं ड्रेसिंग सगळ्यात वर, आणि मधे व्हॅसलीनची जाळी जी स्वस्त असून फार गुणाची आहे.

आता सविस्तर.

तेल पडलं तेव्हा वहिनी घरात होती आणि तिने एक फार चांगली गोष्ट केली, आईला सरळ बेसिनवर नेलं आणि नळ सोडून हात धरून ठेवला. वीस मिनिटं. आई ओरडत होती की पुरे झालं आता, अनारसे जळतायत, वहिनी म्हणाली, "जळू द्या आई, गॅस बंद केलाय, हात काढायचा नाही." तेवढ्यात दुसऱ्या हाताने तिने पाटल्या-बांगड्या आणि अंगठी उतरवून घेतली, साबण लावून. हे कुणाच्या लक्षात येत नाही पण तासाभरात हात एवढा सुजला की नंतर बांगडी कापावीच लागली असती. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं, हा जगभरातला नियम आहे, आणि लगेच नाही जमलं तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा फायदा होतो म्हणतात. बर्फ नाही. बर्फाने वरची रक्ताभिसरणाची बारीक नळी आवळते आणि जखम आणखी खोल जाते. तळणीचं तेल एकशे सत्तर-ऐंशी डिग्रीला असतं, उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम, वर चिकटून राहतं, म्हणून तेलाचं भाजणं पाण्यापेक्षा बहुतेक वेळा खोल असतं.

मग अर्थातच बिल्डिंग जमली. आमच्या सुदामा नगरात बातमी व्हॉट्सॲपच्या आधी पोचते. एक काकू बर्नॉल घेऊन आल्या, एक भाभी टूथपेस्ट, वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणे निळी शाई लावा आमच्या वेळेला तेच करायचे, आणि हळद तर काय कुणी न सांगता आलीच. सगळ्यांना चहा दिला आणि हाताला काही लावू दिलं नाही. याचं कारण नंतर डॉक्टरांनी सांगितलं ते पटण्यासारखं आहे, जखम किती खोल आहे हे रंगावरून ठरतं, गुलाबी आहे, लाल आहे, पांढरट पडलीय का, बोट दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल होते का. त्यावर पिवळं-निळं फासून गेलात तर आधी ते खरवडून काढणार. स्वच्छ सुती कापड किंवा स्वयंपाकघरातली ती पारदर्शक प्लास्टिकची फिल्म हलकी टाकायची, गुंडाळायची नाही, आणि निघायचं.

आम्ही निघालो ते जवळचं म्हणून एका ठिकाणी गेलो. तिथे टिटॅनसचं इंजेक्शन दिलं, ते बरोबरच, आणि हातभर सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीम थापली, वर कोरडा गॉज, वर रोलर बँडेज, पाची बोटं एकत्र बांधून. रोज या म्हणाले. आता ही क्रीम वाईट आहे असं मी म्हणणार नाही. 1968 साली चार्ल्स फॉक्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने चांदी आणि सल्फा एकत्र करून ती बनवली, त्याआधी मोठं भाजलेली माणसं जखमेत जंतू होऊन जायची, तिने पुष्कळ जीव वाचले असतील. ट्यूब शंभराच्या आतबाहेर मिळते, खेड्यापाड्यात मिळते, फ्रीज लागत नाही. पण आमच्या दवा बाजारात तुम्ही नुसतं "जल गया" म्हणा, समोरचा न विचारता ती ट्यूब काढून ठेवतो, किती जळलं, कुठे जळलं, सल्फाची ॲलर्जी आहे का, बाई गरोदर आहे का, बाळ किती महिन्याचं आहे, काही नाही. हे सगळे प्रश्न विचारायचे असतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर ही क्रीम चालत नाही, आणि गरोदरपणाच्या शेवटी आणि नवजात बाळाला तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना काय झालं ते थोडक्यात लिहिते कारण आठवलं तरी कसंतरी होतं. क्रीम वाळली होती, गॉज जखमेत रुतला होता, आणि तिथल्या माणसाने तो कोरडाच ओढला. फोड फुटले, नवी कातडी आली असेल ती गेली, रक्त आलं. आई रडणाऱ्यातली नाही, दाईशिवाय बाळंतपण झालेली बाई आहे ती, पण त्या दिवशी टेबलाचा पत्रा तिने वाकवला असता. मी म्हटलं, "अहो, भिजवून काढा ना थोडं." उत्तर आलं की ऐसे ही निकलता है मॅडम, डेड स्किन निकलनी चाहिए. आणि खाली जखमेवर दुधाच्या सायीसारखा पांढरट पिवळा थर दिसला, तो बघून आम्हाला वाटलं पू झाला. पू नव्हता. क्रीम आणि जखमेतलं पाणी मिळून तसा खोटा थर जमतो, आणि त्यात दोन भानगडी, एक म्हणजे खाली जखम नक्की कशी आहे ते डॉक्टरला दिसत नाही, आणि दुसरं म्हणजे तो रोज धुऊन काढावा लागतो, म्हणजे रोज दुखणं. साध्या, फार मोठ्या नसलेल्या भाजण्यात ही क्रीम जखम भरायला उलट उशीर लावते असं 2013 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत पण आहे, त्यांनी पुष्कळ ट्रायल एकत्र करून बघितल्या होत्या. तरी आपल्याकडे अजून पहिली तीच. सवय.

तिथून आम्ही ज्या क्लिनिकमध्ये गेलो तिथले डॉक्टर प्लास्टिक सर्जन आहेत. आत्या फोनवर म्हणाली, "अगं प्लास्टिक सर्जरी कशाला, चेहरा थोडीच आहे?" हा गैरसमज सगळीकडे आहे म्हणून लिहिते, भाजल्याचे डॉक्टर म्हणजेच प्लास्टिक सर्जन, मोठ्या हॉस्पिटलांत बर्न वॉर्ड त्यांच्याच खाली असतो. आणि हात, चेहरा, पाऊल, सांधे, नाजूक जागा, यातलं काही भाजलं असेल तर आकार छोटा असला तरी त्यांनाच दाखवायचं, कारण तिथे प्रश्न नुसत्या कातडीचा नसतो, बोट नंतर वळेल का याचा असतो.

डॉक्टरांनी आईचाच डावा पंजा बोटांसकट तिच्या जखमेवर वरून धरून बघितला. आपला स्वतःचा पंजा म्हणजे आपल्या अंगाचा साधारण एक टक्का, त्याने मोजतात. आईचं अडीच-तीन टक्के निघालं. मग बोटाने दाबून बघितलं, कुठे लाली पटकन परत येते कुठे येत नाही. मनगटाच्या वरच्या बाजूला एक तुकडा होता, पांढरट, तिथे सुई टोचली तर आईला फारसं कळलं नाही. ती खूश झाली, म्हणाली इथे दुखतच नाही. डॉक्टर म्हणाले, "काकू, दुखतं तिथली काळजी मला कमी आहे, ही जागाच बघावी लागणार." खोल भाजलं की नसांची टोकं पण जळतात म्हणून दुखत नाही. हे आधी माहीत असतं तर कितीजण वेळेवर जातील, दुखत नाही म्हणून घरी बसतात लोक.

आता क्लिनिकच्या सर्व्हिसबद्दल. पट्टी बदलणारा जो ब्रदर आहे त्याला दहापैकी दहा. पट्टीच्या अर्धा-पाऊण तास आधी पॅरासिटामॉल घेऊन या असं तिथे अपॉइंटमेंटच्या वेळीच सांगतात, एवढी साधी गोष्ट, फुकटची, पण पहिल्या ठिकाणी कुणी बोललं नव्हतं. मग तो कोमट सलाईन ओतून पट्टी भिजवत ठेवतो, मधे दुसरा पेशंट करून येतो, आणि आईलाच म्हणतो, "आंटीजी, किनारा आप उठाइए, मैं रुका हूँ." स्वतःच्या हाताने कड उचलली की निम्मं भ्यायचं जातं. प्रत्येक बोट वेगळं बांधलं. हे सगळीकडे असंच हवं, दोन बोटं एकत्र बांधली आणि दोन्हीकडे कच्ची जखम असेल तर ती एकमेकांना चिकटून भरू शकतात. आणि पहिल्या दिवसापासून बोटं हलवायला लावली, मूठ, पंजा, मूठ, पंजा. आईच्या डोळ्यात पाणी यायचं पण तिने केलं, पेटी वाजवते ना, बोटं गेली तर काय करणार.

तक्रारी पण लिहिते. अपॉइंटमेंट साडेपाचची असली तरी आत घेतात सातला, इमर्जन्सी आली म्हणतात आणि येते पण असेल, पण बाहेर बसलेल्या शुगरवाल्या म्हातारीला काहीतरी सांगा ना. बिल एका ओळीत देतात, "ड्रेसिंग चार्जेस", त्यात माल किती आणि मेहनत किती कळत नाही, मी मागून मागून वेगळं लिहून घेतलं. काउंटरवरच्या मुलीला राग आला. येऊ दे. पार्किंग नाही, ते तर इंदूरात कुठेच नाही.

जाळी. तिथे सुरुवातीला पॅराफिनची जाळी लावली, व्हॅसलीनमध्ये भिजवलेलं विरळ कापड, चौकोनी पाकिटात येतं, वर गॉजचा जाड थर. स्वस्त आहे, एक तुकडा फार तर चाळीस-पन्नास रुपये, आणि नीट दोन-तीन पदर टाकले तर चिकटत नाही. ही जाळी पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये ऑग्युस्त ल्युमिएर यांनी तयार केली, हो, तेच सिनेमावाले ल्युमिएर बंधू, ज्यांचे हलते फोटो मुंबईत वॉटसन हॉटेलात 7 जुलै 1896 ला दाखवले होते. मला हे वाचून इतकी मजा वाटली की वेटिंगमध्ये बसलेल्या सगळ्यांना सांगितलं, कुणाला काही पडलेली नव्हती. जाळीचा दोष एकच, जखमेतून पाणी जास्त सुटत असेल तर वरचा गॉज भिजतो, वाळतो आणि जाळीच्या भोकांतून आत धरतो, म्हणून एक-दोन दिवसांनी बदलावीच लागते, आळस करून चालत नाही.

फोम. पाणी जरा आटोक्यात आल्यावर चांदी असलेलं सिलिकॉन फोम लावलं. दिसायला जाडसर स्पंजची पातळ वडी, आतल्या बाजूला सिलिकॉन, जे सुक्या कातडीला हलकं धरतं आणि ओल्या जखमेला धरतच नाही. काढताना आईने विचारलं, "निघालं का?" निघालं होतं. यावर मी काय जास्त लिहू. एक दहा बाय दहाचा तुकडा हजाराच्या आसपास, तेव्हा पहिल्यांदा ऐकून बाबा म्हणाले की सोन्याचं आहे का. पण गणित करा. हे पाणी भरेपर्यंत ठेवता येतं, जास्तीत जास्त सात दिवस, म्हणजे आठवड्याला एखाददुसरी पट्टी. क्रीम स्वस्त, पण रोज पट्टी, रोज ड्रेसिंगचे पैसे, रोज गॉज-बँडेज, रोज रिक्षा, रोज माझी अर्धी सुट्टी, आणि रोजचं दुखणं तर बिलात येतच नाही. आमच्या हिशोबाने फोम स्वस्त पडलं, थोडंफार नाही, चांगलंच.

दोन गोष्टी मात्र. फोम काढलं की वास येतो, हिरवट-तपकिरी ओलं दिसतं, घाबरायचं नाही, धुतल्यावर वास गेला तर ठीक, नाही गेला, किंवा कडेची कातडी लाल गरम होत चालली, ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, तर त्याच दिवशी जायचं. आणि पट्टीच्या दिवसापर्यंत थांबायचं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ऑनलाइन स्वतः मागवू नका, तीन-चार प्रकारचे दिसायला सारखे फोम असतात, काही कडेने गोंदवाले असतात आणि ते म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी सोलून काढतात.

घरात रोज एक वाद, जखमेला हवा लागू दे, वाळू दे, खपली धरू दे. बाबांचं हेच. 1962 सालीच जॉर्ज विंटर नावाच्या माणसाने डुकरांवर प्रयोग करून दाखवलंय की ओलसर झाकून ठेवलेली जखम उघड्या खपलीवाल्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने कातडी धरते, कारण नव्या पेशींना खपलीखालून वाट काढत जावं लागत नाही. बाबांना दाखवलं. ते म्हणाले डुकरांचं वेगळं.

कोलॅजन शीट पण सुचवली होती, पातळ पापुद्रा असतो, स्वच्छ ताज्या वरवरच्या जखमेवर एकदा चिकटवला की खाली कातडी आली की आपोआप सुटतो, रोज उघडायची भानगड नाही. आपल्याकडे चेन्नईच्या सीएलआरआयने, म्हणजे चामड्याच्या सरकारी संशोधन संस्थेने, यावर पुष्कळ काम केलंय. आईने लगेच विचारलं कशाचं असतं. गुरांच्या कातड्याचं, किंवा माशाचं पण मिळतं. आई गप्प झाली. डॉक्टरांनी जोर केला नाही, म्हणाले तुमच्या जखमेला आता तसाही उशीरच झालाय, ताजी असतानाच लावायची असते. हे मला आवडलं, आधी सांगितलं, विचारलं, मग पुढे. ज्यांना धर्माचं किंवा मनाचं काही असेल त्यांनी शीट लावायच्या आधी हा प्रश्न विचारायलाच हवा, पाकिटावर बारीक अक्षरात असतं.

तिथेच केळीच्या पानाचा विषय निघाला. कुणाला खोटं वाटेल, पण मुंबईत सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून त्याचा अभ्यास 2003 मध्ये छापला होता, मेणचट गुळगुळीत पान, चिकटत नाही, काढताना दुखत नाही, आणि किंमत जवळपास काही नाही. त्याआधी मुंबईतल्याच वाडिया हॉस्पिटलच्या डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर चिकटवून पट्ट्या बनवल्या होत्या. पण नीट ऐका, त्या साली आणि पानं हॉस्पिटलात निर्जंतुक करून लावलेली होती. आपल्या परड्यातलं पान धुऊन किंवा कच्चा बटाटा किसून लावायचं असा याचा अर्थ नाही. आमच्या वरच्या आजोबांनी नेमका तोच अर्थ काढला आणि दुसऱ्या दिवशी पान घेऊन हजर. त्यावर आम्ही वरण-भात जेवलो.

मनगटाचा तो पांढरा तुकडा काही भरेना. बाकी हात गुलाबी होत गेला आणि ती जागा तशीच. नियम असा की तीन आठवड्यांत जी जखम भरत नाही ती नंतर जाड, उंच, खाजरा व्रण बनवण्याची शक्यता फार, आणि सांध्यावर असेल तर तो आखडून हात वळवेनासा होतो. म्हणून मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावायची का अशी चर्चा सुरू झाली. आईला शुगर, त्यामुळे सगळं हळू. शेवटी कडेने कडेने धरत ती जागा भरत आली आणि ऑपरेशन टळलं, पण त्या काळात त्वचादानाबद्दल जे कळलं ते लिहूनच टाकते. इंदूरात लोक डोळ्यांबद्दल जागरूक आहेत, पण त्वचा पण देता येते. चोइथराम हॉस्पिटलमध्ये स्किन बँक आहे, तिकडे नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ इथून अगदी पातळ वरचा पदर घेतात, शरीर विद्रूप होत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि 85 टक्के ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवून ती पाच वर्षांपर्यंत टिकते. ती कायमची लागत नाही, काही आठवड्यांनी निघून जाते, पण साठ-सत्तर टक्के भाजलेल्या माणसाकडे स्वतःची कातडी काढायला जागाच नसते, त्याला तेवढे आठवडे हीच झाकते. आई-बाबा दोघांनी फॉर्म भरलाय.

जखम भरली की संपलं असं वाटतं, आणि खरा कंटाळवाणा भाग तिथून सुरू होतो. खाज. भयंकर खाज, रात्री जास्त. डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या, साधं मॉइश्चरायझर दिवसातून चार-पाचदा, आम्ही खोबरेल तेल वापरलं आणि त्यांनी चालेल म्हटलं, हलका दाब देऊन मालिश. कोवळ्या कातडीवर ऊन पडलं की काळपट डाग बसतो तो लवकर जात नाही, म्हणून बाहेर पूर्ण बाही किंवा सनस्क्रीन. एक शेजारीण प्रेमाने ट्यूब घेऊन आली, सगळ्याला चालते म्हणे, दाद म्हणजे नायटा, खाज, काळेपणा, सगळ्याला. वाचलं तर आत कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही. या असल्या खिचडी ट्यूबांनी आपल्याकडे नायटा चिवट झालाय आणि लोकांचे चेहरे लाल पातळ झालेत, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा नियम 2018 मध्ये आणखी कडक झाला तरी मिळतात. नव्या कातडीवर तर नकोच. परत दिली, ती थोडी नाराज आहे.

सिलिकॉन जेल आणि सिलिकॉन शीट, व्रण उंच होऊ नये म्हणून. दोन्ही वापरलं. शीट जास्त चांगली असं म्हणतात, दिवसाचे बारा तास तरी ठेवायची, धुऊन पुन्हा लावता येते, दोन-तीन महिने किमान. पण मार्चनंतर इंदूरच्या घामात ती मनगटावर टिकते कुठे, भाजीवाल्याकडे एकदा भोपळ्यावर चिकटलेली सापडली. खाली घामोळं पण आलं. मग जेल, पातळ थर लावून वाळू द्यायचा आणि मग वर मोजा. जेलच्या छोट्याशा ट्यूबला सात-आठशे रुपये लागतात, लोक भसाभस लावतात, वाटाण्याएवढं पुरतं. कांद्याच्या अर्काच्या ज्या व्रण घालवायच्या क्रीम येतात त्यांच्याबद्दल डॉक्टरांना विचारलं, त्यांनी नुसतं हसून विषय बदलला, म्हणून घेतली नाही. लेझरचं पण काउंटरवरच्या मुलीने दोनदा सुचवलं, पॅकेज आहे म्हणे. डॉक्टर म्हणाले आत्ता काही नको, वर्षभर व्रण स्वतःच बदलतो, मग बघू. स्वतःच्याच काउंटरच्या विरुद्ध बोलणारा डॉक्टर, याला एक स्टार जास्त.

आता प्रेशर ग्लोव्ह, ज्याला आमच्याकडे सगळे नुसतं मोजा म्हणतात. कोपराच्या जरा खालपासून बोटांच्या टोकांपर्यंत, मापाने शिवलेला, घट्ट, कातडी रंगाचा. दिवसातले तेवीस तास घालायचा, अंघोळ आणि मालिश सोडून, आणि व्रण मऊ, सपाट, फिकट होईपर्यंत म्हणजे वर्ष-दीड वर्ष. ऐकूनच आई म्हणाली, "मी वरण-भात कालवू कशाने?" प्रश्न रास्त आहे. चमचा हे उत्तर तिला अजून मान्य नाही, वर प्लास्टिकचा हातमोजा चढवून कालवते. कणीक मळणं बंद आहे, ते बाबा शिकले. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला मोजा घालून गेली, मध्यंतरात ओळखीच्या बायकांनी विचारून विचारून बेजार केलं तर पुढच्या वेळी तिने त्यावर काठाला मॅचिंग लेस लावून घेतली, आता कुणी विचारत नाही, फॅशन वाटते.

पण उपयोग आहे का? आहे. मनगटाचा तो तुकडा उंच आणि दगडासारखा व्हायला लागला होता, काही महिन्यांत बसला. नखाने दाबून बघा, मोज्याखाली नसलेल्या कोपराजवळच्या कडेला व्रण अजून उंच आहे, फरक डोळ्यांना दिसतो. एक घेऊन भागत नाही, दोन लागतात, एक धुवायला एक घालायला. वॉशिंग मशीन नाही, पिळायचा नाही, उन्हात टाकायचा नाही, सावलीत सपाट. तरी दोन-तीन महिन्यांत इलॅस्टिक सैल पडतं आणि सैल मोजा म्हणजे नुसता मोजा, दाब गेला की काम गेलं, नवीन माप. प्रत्येक वेळी दीड-दोन हजार. बोटांच्या बेचक्यात शिवण टोचते, ते सांगून आतली शिवण बाहेर करून घ्या, करून देतात, पण मागितल्याशिवाय नाही. बोटं निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर फार घट्ट आहे, लगेच काढून परत न्यायचा.

ज्यांना मोठं भाजलंय, म्हणजे अंगाच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या वर, किंवा धूर नाकातोंडात गेलाय, विजेने भाजलंय, ॲसिड आहे, त्यांनी असल्या छोट्या क्लिनिकच्या दारात वेळ घालवू नये, सरळ एमवाय, म्हणजे इथलं मोठं सरकारी हॉस्पिटल, किंवा बर्न युनिट असलेलं दुसरं मोठं हॉस्पिटल. विजेचं तर वरून रुपयाएवढं दिसतं आणि आत हातभर जळलेलं असतं.

मार्क: ब्रदरला पूर्ण, डॉक्टरांना जवळपास पूर्ण, काउंटरला पास होण्यापुरते. फोमला पूर्ण. जाळीला पहिला वर्ग. जेलला ठीकठाक, किंमत बघता. मोज्याला कामात पूर्ण आणि सोसण्यात काही नाही. क्रीमला, तिच्या म्हातारपणाचा मान ठेवून, तीस टक्के.

मोज्याचं माप घेणारा माणूस क्लिनिकमध्ये रोज नसतो, फोन करूनच जा, आणि माप सकाळचं द्या, संध्याकाळी हात सुजलेला असतो आणि मग मोजा दुसऱ्या दिवसापासूनच ढिला होतो.